व्हल्तावेच्या पुराचा राखणदार

१३९३ च्या वसंतात प्रागचा आर्चबिशप यान येन्श्टेन राजाच्या रोषामुळे देश सोडून रोमला गेला. बरोबर त्याने एक फिर्याद नेली होती. ती पोप नववा बोनिफेस याच्यापुढे मांडायची होती आणि प्रतिवादी होता खुद्द बोहेमियाचा राजा, चौथा व्हाक्लाव्ह, म्हणजेच इंग्रजी पुस्तकांतला वेन्सेस्लास. फिर्याद लॅटिनमध्ये आहे, कलमवार आहे आणि संतापाने भरलेली आहे. बळकावलेल्या गढ्या, मारहाण, धमक्या या सगळ्यांचा पाढा तिच्यात वाचलेला आहे. त्यातच, इतर तक्रारींच्या ओघात, आर्चबिशपच्या एका कारभाऱ्याला कसे मारले आणि नदीत कसे टाकले याची हकिगत येते. तो कारभारी म्हणजे आज मध्य युरोपातल्या असंख्य पुलांवर उभा असलेला संत यान नेपोमुक.

कॅथलिक भाविकांत संकटागणिक हाक मारायचे संत वेगवेगळे आहेत. वीज कडाडली की संत बार्बरा, समुद्रात तुफान झाले की संत निकोलस, आणि पोर्तुगीज खलाशांचा सांतेल्मो. नदीला पूर आला की बोहेमिया, ऑस्ट्रिया, बव्हेरिया, पोलंड या मुलखांत यानचे नाव घेतले जाते. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी ज्याच्या नावाने विहिरींत उड्या मारतात तो सांजांव वेगळा. तो बाप्तिस्मा देणारा योहान. प्रागचा यान हा धर्मपीठाच्या कचेरीतला कायदेपंडित. जिवंतपणी त्याचा पुराशी कसलाच संबंध आला नाही. मग नदीची राखण त्याच्याकडे कशी आली? याचे उत्तर कोणत्याही एका कागदात सापडत नाही. तीन-साडेतीनशे वर्षांचे कागद ओळीने लावले तर मात्र ते बरेच स्पष्ट दिसते.

आधी माणूस कोण होता ते पाहू. पश्चिम बोहेमियातल्या पोमुक, म्हणजे आजच्या नेपोमुक, या गावचा, वेल्फलिन नावाच्या माणसाचा मुलगा. जन्मसाल नोंदलेले नाही. १३५० च्या थोडे आधीचे असावे. प्रागच्या दप्तरांत तो प्रथम भेटतो तो नोटरी म्हणून, स्वतःच्या सहीत बापाचे आणि गावाचे नाव लावणारा. १३८० मध्ये तो जुन्या प्रागमधल्या संत हावेल चर्चचा धर्मगुरू होता. पुढे तो इटलीत पादुआला गेला आणि १३८७ मध्ये तिथे चर्चच्या कायद्याचा डॉक्टर झाला. १३८९ पासून तो येन्श्टेनचा व्हिकार जनरल, म्हणजे आर्चबिशपच्या वतीने नेमणुका, मंजुऱ्या, वाद यांचा सारा कारभार पाहणारा अधिकारी. या सगळ्या नोंदी कोरड्या आहेत. त्यांत ना दृष्टान्त आहेत ना उपासतापास. हा माणूस कागदाचा होता, आणि पुढे त्याचा जीव गेला तोही एका कागदापायीच.

पश्चिम बोहेमियात क्लाद्रुबी येथे बेनेडिक्टाइन साधूंचा श्रीमंत मठ होता. तिथला वृद्ध मठाधिपती रात्सेक मरायची राजा वाट पाहत होता. मठाच्या उत्पन्नावर एक नवे बिशपपद उभारायचे, तिथे आपला माणूस बसवायचा आणि आर्चबिशपचे पंख छाटायचे असा त्याचा बेत होता. रात्सेक वारला. साधूंनी लगोलग ओलेन नावाच्या साधूला निवडून दिले आणि १० मार्च १३९३ रोजी व्हिकार जनरलने त्या निवडीला मंजुरी दिली. नियमाला धरूनच दिली. त्या एका मंजुरीने राजाचा बेत कोसळला.

ठिणगी पडायला दारू आधीच पसरलेली होती. राजाचा मर्जीतला अधिकारी झिकमुंड हुलेर याच्यावर आर्चबिशपच्या न्यायपीठाने बहिष्कार टाकलेला होता. राजाने येन्श्टेनला धाडलेले पत्र फिर्यादीत उतरवून घेतलेले आहे. माझा रोउद्नित्सेचा किल्ला आणि बाकीचे किल्ले परत कर, माझ्या मुलखातून चालता हो, माझ्या किंवा माझ्या माणसांच्या वाटेला गेलास तर तुला बुडवून भांडण मिटवीन, अशा अर्थाचे ते चार ओळींचे पत्र आहे. सरकारी मायन्याचा त्यात मागमूस नाही. मला या पत्राचे महत्त्व फार वाटते. बुडवण्याची धमकी यानच्या मृत्यूच्या आधीची आहे आणि ती यानला नव्हे, त्याच्या धन्याला दिलेली आहे. धनी निसटला आणि त्याचा कारभारी सापडला.

तडजोडीसाठी दोन्ही बाजू प्रागमध्ये भेटल्या. राजाचा तोल गेला. येन्श्टेन आपल्या माणसांच्या मदतीने निसटला. पकडले गेले ते चौघे: व्हिकार जनरल यान, न्यायपीठाचा अधिकारी मिकुलाश पुख्निक, व्हाक्लाव्ह क्नोब्लोख आणि आर्चबिशपच्या घरची व्यवस्था पाहणारा नेप्र. धर्ममंडळाचा म्हातारा डीन बोहुस्लाव्ह याच्या डोक्यात राजाने तलवारीची मूठ हाणून रक्त काढले. मग चौघांना छळासाठी नेले. फिर्याद सांगते की यान आणि पुख्निक यांच्या अंगाला राजाने स्वतःच्या हाताने जळती मशाल लावली. जे घडले ते बाहेर बोलणार नाही असे लिहून दिल्यावर बाकीचे सुटले. यान इतका भाजला होता की तो जगण्याची शक्यता नव्हती. त्याचे हात पाठीमागे बांधले, तोंडात लाकडी पाचर कोंबली, पाय डोक्याकडे वळवून चाकासारखे बांधले आणि २० मार्चच्या रात्री नऊच्या सुमारास त्याला पुलावरून व्हल्तावेत टाकले.

येन्श्टेन तेव्हा तिथे हजर नव्हता. पण सुटलेले तिघे जिवंत होते. त्यातला पुख्निक तर पुढे १४०२ मध्ये खुद्द प्रागच्या आर्चबिशपपदी निवडून आला, आणि पदग्रहणाआधीच वारला. म्हणजे फिर्यादीतली हकिगत प्रत्यक्षदर्शींपर्यंत पोचू शकेल अशा माणसाने, घटनेनंतर काही आठवड्यांत लिहिलेली आहे. ती एकतर्फी आहे हे उघडच आहे. तरीही पाचरीसारखा आणि चाकासारख्या बांधणीसारखा तपशील आवेशातून सुचत नाही. पोपच्या दरबारात फिर्यादीचे काहीच झाले नाही. त्या काळी रोम आणि आविन्यों अशा दोन पोपगाद्या भांडत होत्या आणि बोनिफेसला व्हाक्लाव्हची गरज होती. येन्श्टेनने १३९६ मध्ये पद सोडले आणि १४०० मध्ये तो रोममध्येच वारला. एवढे मात्र खरे की त्याने या फिर्यादीतच आपल्या कारभाऱ्याला हुतात्मा म्हटले होते.

या पहिल्या कागदात एक गोष्ट नाही, आणि ती नाही म्हणूनच पुढे दोनशे वर्षे इतिहासकार भांडले. राणीच्या पापनिवेदनाचा त्यात उल्लेखच नाही. आज जगभर सांगितली जाणारी कथा अशी की यान राणीचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू होता, राणीने काय सांगितले ते संशयी राजाने विचारले, यानने तोंड उघडले नाही आणि म्हणून राजाने त्याला बुडवले. ही कथा प्रथम लेखी भेटते ती व्हिएन्नाचा पंडित टोमास एबेनडॉर्फर याच्या १४५० च्या सुमाराच्या राजांच्या बखरीत. बाझलच्या धर्मसभेच्या शिष्टमंडळातून तो प्रागला येऊन गेला होता. गोष्ट त्याने तिथेच ऐकली असावी. मृत्यूला तोवर जवळजवळ साठ वर्षे लोटली होती.

त्यानंतरचा कागद आमच्या प्रश्नाला फारच जवळचा आहे. १४७१ मध्ये पाव्हेल झिदेक याने राजा यिर्झी याच्यासाठी राज्यकारभाराचा एक ग्रंथ लिहिला. त्यात राणीची गोष्ट आहेच, पण तिला एक शेपूट जोडलेले आहे: यानला बुडवल्यावर नदी आटली, गिरण्या थांबल्या, लोकांना पीठ मिळेना आणि ते राजाविरुद्ध कुरकुरू लागले. नदी यानच्या बाजूने बोलते ती लेखी पुराव्यात इथे पहिल्यांदा. पण काय बोलते ते पाहा. ती वाढत नाही, आटते. पाण्याने त्याचे ऐकून बांध फोडला नाही, अशी पुढची कल्पना इथे मुळीच नाही. उलट नदीने अन्न तोडून राजाला शिक्षा केली आहे. पाणचक्कीवर जगणाऱ्या शहराला हाच कोप सर्वांत कळण्यासारखा होता.

दरम्यान यानचे शव १७ एप्रिल १३९३ रोजी नदीत सापडून आधी जवळच्या होली क्रॉस चर्चमध्ये आणि नंतर संत व्हिटस कॅथेड्रलमध्ये पुरले गेले होते. या थडग्याविषयीची सोळाव्या शतकातली समजूत अशी की जो त्यावर पाय देईल त्याची त्याच दिवशी चारचौघांत नाचक्की होते. थडग्याभोवती कठडा होता. म्हणजे यानकडे भाविकांनी सर्वांत आधी सोपवली ती अब्रूची राखण. बदनामीपासून वाचवणारा म्हणून आजही त्याला हाक मारतात. पुराचे खाते त्याच्याकडे अजून आलेले नव्हते.

मध्येच एक सालाची चूक शिरली, आणि ती फार महागात पडली. १४८३ मध्ये क्रुमलोव्हच्या यान नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने मृत्यूचे साल १३८३ असे लिहिले. दहा वर्षांचा फरक. १५४१ मध्ये व्हाक्लाव्ह हायेक याने चेक भाषेतली प्रसिद्ध बखर छापली तेव्हा त्याच्यापुढे दोन्ही साले होती. त्याने एक चूक मानण्याऐवजी दोन माणसे मानली: १३८३ मध्ये बुडवलेला राणीचा धर्मगुरू यान, आणि १३९३ मध्ये बुडवलेला व्हिकार जनरल यान. हायेकची बखर घरोघर वाचली गेली. १३८३ च्या यानविषयी समकालीन कागद एकही नाही. आणि खरा यान त्यानंतर चार वर्षांनी पादुआत पदवी घेत होता! पण सतराव्या शतकातला जेझुइट पंडित बोहुस्लाव्ह बाल्बीन याने यानचे चरित्र लिहिले ते हायेकच्याच वाटेने. ते १६८० मध्ये संतचरित्रांच्या प्रसिद्ध मालेत छापले गेले आणि सगळ्या कॅथलिक युरोपाने वाचले. बुडत्या देहाभोवती पाण्यावर तरंगणारे दिवे या परंपरेतले, आणि यानच्या डोक्याभोवतीच्या पाच चांदण्या त्या दिव्यांशीच जोडल्या जातात.

१६८३ मध्ये पुलावर पुतळा बसला. चुकीच्या सालाप्रमाणे मृत्यूला तीनशे वर्षे झाली म्हणून! आराखडा रॉखमिलर आणि यान ब्रोकोफ या शिल्पकारांचा, ओतकाम न्युरेम्बर्गचे, खर्च वुन्शवित्स या सरदाराचा. चार्ल्स पुलावर आज तीस पुतळे आणि पुतळ्यांचे गट आहेत. संतांच्या पुतळ्यांत हा सर्वांत जुना. धर्माधिकाऱ्याचा झगा, चौकोनी टोपी, हातात क्रूस, डोक्याभोवती पाच चांदण्या. चौथऱ्यावर ब्राँझच्या दोन उठावचित्रांच्या पट्ट्या आहेत: एकीवर राणीचे पापनिवेदन, दुसरीवर पुलावरून फेकलेला देह. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी त्या जागोजाग सोन्यासारख्या चकाकतात आणि बाकीचा भाग काळाच राहिला आहे. जिथून त्याला टाकले असे मानतात तिथे, थोड्या अंतरावर, कठड्यात पाच चांदण्यांचा पितळी क्रूस बसवलेला आहे. क्लाद्रुबीचा मठ मात्र या पट्ट्यांवर कुठेच नाही.

माझ्या मते पुराच्या प्रश्नाचे उत्तर या पुतळ्याच्या जागेत आहे. चार्ल्स पूल मुळात पुरामुळेच बांधला गेला. त्याच्या आधीचा युदिताचा पूल १३४२ च्या बर्फाळ पुराने मोडला. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये नव्या पुलाचा पाया घातला आणि यानला त्यावरून टाकले तेव्हा त्याचे काम अजून पुरते झालेलेही नव्हते. १४३२ च्या पुराने नव्या पुलाचेही खांब खचवले. अशा पुलाच्या ऐन मध्यावर, पाण्याकडे पाठ करून, पाण्यातच मेलेला माणूस उभा केल्यावर लोकांनी त्याला नदीबद्दल जबाबदार धरावे हे अगदी स्वाभाविक होते. त्यासाठी कोणत्या पोपच्या आज्ञेची गरज नव्हती. १७१५ पासून त्याच्या सणाच्या पूर्वसंध्येला व्हल्तावेवर होड्यांतून वाद्यवादन होऊ लागले. सण १६ मेचा. यान अधिकृतपणे संत व्हायला तेव्हा आणखी चौदा वर्षे होती. नदीवरच्या लोकांनी चर्चच्या निकालाची वाट पाहिली नाही.

निकाल मग भराभर आले. १७१९ च्या एप्रिलमध्ये थडगे उघडले. कवटीत एक लालसर मऊ तुकडा सापडला आणि ती न बोललेली, म्हणून न कुजलेली जीभ मानली गेली. १७२१ मध्ये धन्यपद, १९ मार्च १७२९ रोजी पोप तेरावा बेनेडिक्ट याच्याकडून संतपद. निवाड्यात साल धरले ते १३८३. पुढे कॅथेड्रलमध्ये चांदीचे भव्य थडगे उभे राहिले. मोराव्हियात ज्दार गावाजवळ यान सान्तिनी याने संतपदाच्या आधीच पाच टोकांच्या चांदणीच्या आकाराचे चर्च बांधले होते. ते १९९४ पासून जागतिक वारशात आहे. हाब्सबुर्ग राज्यात प्रागच्या पुतळ्याच्या नकला खेडोपाडी पुलांवर, बंधाऱ्यांवर, उतारांवर बसल्या. पोर्तुगालची राणी मारिया आना ही मूळची ऑस्ट्रियाची राजकन्या. तिने ही भक्ती लिस्बनला नेली आणि यानच्या नावाने तिथे मठ बांधला.

येन्श्टेनची फिर्याद छापून अभ्यासकांच्या हाती आली ती या सगळ्यानंतर. मग झुंज लागली. काहींनी राणीची कथा सोडली नाही: पापनिवेदनाची गोष्ट गुप्तच असणार, ती आर्चबिशपला तरी कशी कळावी, हा त्यांचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नाही. पण पोपपुढे राजाला आरोपी म्हणून उभे करणारा आर्चबिशप, नुसती कुजबुज कानावर असती तरी ती फिर्यादीत घातल्याशिवाय राहिला असता असे मला वाटत नाही. १८५५ मध्ये जर्मन इतिहासकार ओटो आबेल याने दुसरे टोक गाठले: १४१५ मध्ये जाळलेल्या धर्मसुधारक यान हुसची आठवण पुसायला जेझुइटांनी हा दुसरा यान उभा केला, असे त्याचे म्हणणे. जेझुइटांनी या भक्तीला बळ दिले हे खरेच. परंतु थडग्याची समजूत आणि झिदेकची आटलेली नदी जेझुइट प्रागला येण्याच्या आधीची आहे. ती लोकांची होती.

१९७० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ एमानुएल व्हल्चेक याने अवशेष तपासले. जीभ म्हणून जपलेला तुकडा मेंदूच्या ऊतीचा निघाला. त्याच तपासणीत हाडांवर मारहाणीच्या खुणा मिळाल्या. कथेचा आवडता पुरावा गेला आणि येन्श्टेनच्या कलमांना हाडांचा आधार मिळाला. मला यात भाविकांचे नुकसान दिसत नाही. राणीचे गुपित राखणाऱ्या माणसाइतकाच, नियमाने दिलेल्या मंजुरीपायी मशालीचे चटके सोसणारा अधिकारीही आदराला पात्र आहे; किंबहुना त्याच्यासारखी माणसे आपल्याला रोजच्या कारभारात अधिक लागतात.

आता राखणदाराची कसोटी. २८ फेब्रुवारी १७८४ रोजी बर्फ फुटून आलेल्या पुराने पुलावरची पहाऱ्याची चौकी शिपायांसकट नेली. ३ सप्टेंबर १८९० नंतरच्या रात्री वरून वाहत आलेले इमारती लाकडाचे ओंडके कमानींना अडले, पाणी तुंबले आणि ४ तारखेच्या पहाटे पुलाच्या तीन कमानी कोसळल्या. यान जागेवर राहिला. नदीत गेले ते ब्रोकोफच्या मुलाने, फेर्दिनांदने, १७११ मध्ये घडवलेले दोन गट: इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर. होय, गोव्याचा सायब. बॉम जेझसमध्ये ज्याचे शव आहे त्याच झेवियरला प्रागच्या पुलावर पूर्वेकडच्या धर्मांतरित लोकांच्या आकृतींनी खांद्यावर उचलून धरलेले होते. तोही वादळात हाक मारायचा संत. समुद्र शांत करायला पाण्यात बुडवलेला त्याचा क्रूस खेकड्याने परत आणून दिल्याची कथा आपल्या किनाऱ्यावरही ठाऊक आहे.

पूल १८९२ मध्ये दुरुस्त झाला. पाण्यातून काढलेला मूळ झेवियर आता प्रागच्या दगडी शिल्पांच्या संग्रहालयात आहे आणि पुलावर १९१३ ची प्रतिकृती आहे. लोयोला परत बसवला गेला नाही. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावर हाब्सबुर्गांची खूण म्हणून यानचेही कित्येक पुतळे गावोगाव पाडले गेले. चार्ल्स पुलावरचा वाचला. लोयोलाच्या रिकाम्या चौथऱ्यावर १९३८ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे स्लाव्ह लोकांचे धर्मदूत उभे राहिले.